बिनपासवर्डचा फोल्डर

तामोरेबाईंचा विषय निघाला की मी काहीतरी कारण काढून उठायचो. निवृत्तीनंतर आम्ही जुने सहकारी बोईसरला अधूनमधून भेटतो. कोणी म्हणायचं, "त्या कॉम्प्युटरवाल्या बाई आठवतात का?" आणि मला नेमकं तेव्हाच औषध घ्यायचं असायचं, नाहीतर घरी फोन करायचा असायचा. अशी बरीच वर्षं काढली. बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात बाई गेल्या. बातमी जुन्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. हात जोडल्याची चित्रं ओळीनं पडत होती. मध्येच एकानं लिहिलं, 'या त्याच ना, ज्यांच्या निष्काळजीपणामुळे दोन नंबर प्लांटमध्ये धूर झाला होता?' त्यावर दुसऱ्यानं लिहिलं, 'हो. पण माणूस म्हणून चांगल्या होत्या.' मी मोबाइल उलटा ठेवला. पुन्हा उचलला. काही टाइप केलं, पुसलं. शेवटी मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

तो निष्काळजीपणा त्यांचा नव्हता. कोणाचा होता ते मी इथे लिहिणार आहे. पण आधी बाई कशा होत्या ते लिहायला हवं. नाहीतर त्यांच्याबद्दल त्या ग्रुपवरचं ते एवढं एकच वाक्य शिल्लक राहील.

कुंदा तामोरे तारापूरजवळच्या दांडीच्या, समुद्रकाठच्या कोळी गावातल्या. वडिलांची बोट होती, पुढे नवऱ्याचीही बोटच. बोईसरला टायपिंग शिकून त्या तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लागल्या, तेव्हा टेबलावर टाइपरायटर होते. आमच्याकडे कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं तयार व्हायची. मी लॅबचा प्रमुख. कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसात प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी दाखवलं नाही, म्हणून कंपनीनं त्यांना ठाण्याला कोर्सला पाठवलं, आणि हळूहळू कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या अंगावर आले.

बुटक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा, आणि चेहऱ्यावर कायम अशी काळजी, जणू आत्ताच कोणीतरी काही वाईट सांगून गेलंय. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्या की त्या लगेच आत जायच्या नाहीत. गेटपाशी थांबून नाक वर करून हवा घ्यायच्या. तारापूरला रोज कसला ना कसला वास असतोच, आमची नाकं केव्हाच मेली होती. बाईंचं नाक जिवंत होतं. "आज वास निराळा हाय," म्हणायच्या, आणि दिवसभर मलाही उगाच तो वास येत राहायचा. एमआयडीसीत कुठेही भोंगा वाजला की लोक दाराकडे धावायचे. बाई आधी टेबलावरचा पंखा बंद करायच्या, वारा कुठून येतो ते बघायला. मग घरी फोन लावायच्या. "खिडक्या लावून घ्या गो," एवढंच बोलायच्या आणि ठेवायच्या. नंतर कळायचं की भोंगा कुठेतरी लांबच्या प्लॉटवरचा, नुसता चाचणीचा. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण पंखा पुन्हा लावायला बराच वेळ घ्यायच्या.

त्यांनी कॉम्प्युटरना माशांची नावं दिली होती. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागतं. बाहेरच्या इंजिनिअरनं नंबर सुचवले होते. बाई म्हणाल्या, "नंबर कोनाच्या लक्षात राहतो? मासा लक्षात राहतो." मॅनेजरचा कॉम्प्युटर सुरमई. प्लांटच्या कंट्रोल रूममधला मांदेली, कारण तो सगळ्यात लहान होता. आणि आमच्या लॅबमधला बोंबील.

"बोंबील का?" मी विचारलं.

"हात लावला की मऊ पडतो. दिवसातनं किती वेळा बंद होतो ते बघा की."

मी साताऱ्याकडचा. जेवताना त्यांच्या डब्यातली जवळ्याची चटणी माझ्यापुढे यायची आणि मी ती चमच्याच्या टोकानं उचलायचो. त्यावर त्या सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "कदमभाऊ घाटावरचे ना. आधी लॅबमदी टेस्ट करतील, रिपोर्ट आला की खातील."

काळजी हा त्यांचा स्वभावच होता. संध्याकाळी निघताना प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून बघायच्या, तापलाय का. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. बस सुरू व्हायच्या बेतात असताना त्या परत आत पळाल्या आहेत आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. "काय राहिलं होतं, बाई?" "काय नाय. राह्यलं नव्हतं ते बघून आले."

आता त्या फोल्डरबद्दल.

आमच्याकडे प्रत्येक मालाची एक बॅच शीट असायची. कुठल्या टाकीत कोणतं रसायन किती घालायचं, कशानंतर काय, किती थंड ठेवायचं, याचा तक्ता. ही शीट लॅबमध्ये तयार व्हायची आणि पेनड्राइव्हवरून कारखाना फिरायची. पेनड्राइव्ह कोणाच्यातरी शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. एक दिवस त्यातून व्हायरस आला आणि निम्म्या फाइल उघडेनाशा झाल्या. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये म्हणाल्या, "हे पेनड्राइव्ह म्हंजे सगळ्या आळीनं एकाच ब्रशनं दात घासायचं काम हाय."

त्यांनी उपाय सांगितला. एक जुना कॉम्प्युटर बाजूला काढायचा, त्यावर एक फोल्डर करायचा आणि तो नेटवर्कच्या वायरीवरून सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसेल असा ठेवायचा. शीट एकाच जागी. लॅबनं तिथे ठेवायची, प्लांटनं तिथे बघायची. त्या जुन्या कॉम्प्युटरचं नाव त्यांनी घोळ ठेवलं. सगळ्यात मोठा मासा, सगळ्यात महाग.

सुरुवातीला फोल्डरला पासवर्ड होता. तो आठवडाभरात कंट्रोल रूमच्या काचेवर मार्करनं लिहिलेला सापडला. आमच्या लॅबच्या फ्रिजवरही सापडला. बाई काचेसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्याला पासवर्ड म्हनायचं का दुकानाची पाटी?"

तिथे रामसजीवन ड्यूटीवर होता. उत्तरेकडचा, सालवडला चौघांत एक खोली घेऊन राहणारा, शांत आणि कामाला चोख ऑपरेटर. तो म्हणाला, "दीदी, तीन शिफ्ट में तीन आदमी. याद किसको रहेगा? दो बार गलत डाला तो लॉक. फिर घर पे आपको ही फोन करेंगे."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय मेला."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. एका शुक्रवारी बाई आल्या, मीही लॅबमधली उपकरणं तपासायला आलो होतो. त्यांनी घोळवर एक वेगळं खातं तयार केलं. त्याला नाव दिलं 'पाहुणा'. या पाहुण्याला पासवर्ड नाही. कोणीही, कुठूनही फोल्डर उघडला की तो पाहुणा म्हणून आत जाणार. पण जाऊन फक्त बघणार. फाइल ठेवायची, बदलायची किंवा पुसायची असेल तर कॉम्प्युटर नाव आणि पासवर्ड विचारणार, आणि ते फक्त त्यांच्याकडे आणि माझ्याकडे.

"आमच्या घरात पान्याच्या हंड्याला कुलूप नाय," त्यांनी मला समजावलं. "कोनी या, पानी प्या, जा. पन चुलीला पाहुना हात लावत नाय."

मग त्या प्लांटमध्ये गेल्या आणि तिथून इंटरकॉमवर माझ्याशी बोलू लागल्या.

"भाऊ, बोंबीलवर बघा. फोल्डर दिसतो?"

"दिसतो."

"आता एक फाइल पुसा."

"पुसू? खरंच?"

"पुसा, पुसा."

"परवानगी नाही म्हणतोय."

"झकास! आता शिव्या द्या त्याला, तरी पुसनार नाय."

जुन्या मशीनवर सगळं सुरळीत झालं. नवे दोन कॉम्प्युटर मात्र आत शिरायलाच तयार नव्हते. बिनपासवर्डच्या जागी जाणं धोक्याचं, असा संदेश यायचा आणि काम थांबायचं. बाईंनी तो संदेश दोनदा वाचला. त्यांची चिडचिड झाली नाही, त्यांना भीती वाटली. "हा खोटं नाय बोलत, भाऊ. पाहुना म्हनून कोन आला ते कळनार नाय. मशीनचं नाव कळंल. मानसाचं नाय कळनार." बराच वेळ माउसवर हात ठेवून बसून राहिल्या आणि मग त्यांनी त्या दोन मशीनची सेटिंग बदलली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये भेटल्यावर पहिलं वाक्य, "मला काय झोप नाय लागली बगा."

पण व्यवस्था चालली. चांगली चालली. रामसजीवन तर नव्या माणसांना सांगायचा, "दीदी ने रास्ता खुला कर दिया है, बस छूना मत."

रास्ता अजून खुला करायला लावला तो मी.

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी रजेवर, पालघरच्या हॉस्पिटलात होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. लॅबमधल्या केमिस्टचा फोन आला, रिझल्ट फोल्डरमध्ये ठेवता येत नाहीत, पासवर्ड मागतोय. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून बाईंना फोन लावला.

"बाई, तो फोल्डर सगळ्यांना लिहायलाही उघडा करा."

"भाऊ, मी हाय ना हितं. ते मला देतील, मी टाकीन."

"रात्रपाळीचे रिझल्ट टाकायला तुम्ही दांडीहून येणार आहात का? दर वेळी तुमच्या परवानगीला थांबायचं? उघडा करा म्हणतोय ना."

"तुमी जबाबदार?"

"हो हो, मी जबाबदार. करा."

"बरं."

तपासणी छान पार पडली. मी कामावर परतलो. बसमध्ये बाई शेजारी येऊन बसल्या. "आता बंद करू ना परत?" मी म्हणालो, थांबा थोडं, रिपोर्ट संपू देत. कँटीनमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, राहू द्या, सगळ्यांना सोयीचं पडलंय. तिसऱ्यांदा त्या लॅबच्या दाराशी आल्या, आत न येता उभ्या राहिल्या. "भाऊ, माजा जीव थाऱ्यावर नाय. कोनाचाबी हात लागेल."

मी केमिस्ट मंडळींसमोर हसलो. "बाई, बोट परत येईपर्यंत तुम्हाला झोप लागत नाही, भोंगा वाजला तरी लागत नाही. तुमच्या झोपेवर कारखाना चालवायचा का?"

सगळे हसले. त्या दिवशी बाई हसल्या नाहीत. पुन्हा विचारायलाही आल्या नाहीत.

आमची एक पद्धत होती. नवी शीट कधी कोऱ्या पानावर करायची नाही. जुनी उघडायची, आकडे बदलायचे, दुसऱ्या नावानं ठेवायची. सगळी एमआयडीसी असंच करते. एका गिऱ्हाइकाला नमुन्यापुरता माल हवा होता, नेहमीच्या निम्मा. मी बोंबीलवर बसलो, पाहुणा म्हणून फोल्डर उघडला, नेहमीची शीट उघडली आणि सगळे आकडे निम्मे केले. बसची वेळ झाली होती, खालून हाक आली. मी सेव्ह दाबलं आणि निघालो. नाव बदलायचं राहिलं. आधीची व्यवस्था असती तर कॉम्प्युटरनं तिथेच अडवून नाव विचारलं असतं, पासवर्ड मागितला असता आणि माझ्या लक्षात आलं असतं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. नेहमीच्या मालाची शीट निम्मी झाली आणि मी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो.

त्या मालाच्या टाकीत बर्फ लागायचा. दांडीच्या बोटी जिथून बर्फ भरतात तिथूनच आमच्याकडेही लाद्या यायच्या. टाकी बर्फानं थंड राहिली तर ठीक, तापली तर आतलं रसायन उलटतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीनं रसायनं घातली, आदल्या छापील शीटवरून, पूर्ण. दुसऱ्या पाळीला रामसजीवन आला. बर्फ किती, ते त्यानं मांदेलीच्या स्क्रीनवर बघितलं. त्याला शंका आली होती. तो सुपरवायझरला म्हणाला, "साहब, बरफ कम लग रहा है." सुपरवायझर म्हणाला, "शीट लॅबची आहे. जे लिहिलंय ते टाक, डोकं लावू नको."

मी लॅबमध्ये होतो. आधी वास आला. मग भोंगा वाजला, आणि तो आमचाच होता. खिडकीतून बघितलं तर दोन नंबर प्लांटच्या नळीतून तपकिरी धूर येत होता, जाड, जमिनीकडे उतरणारा. सगळे गेटकडे पळाले. मी पळालो. गेटबाहेर बाई पायरीवर उभ्या राहून बाहेर येणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होत्या. "रामसजीवन कुटं हाय?" त्या ओरडत होत्या. "ए, रामसजीवनला बगला का कोनी?"

तो गार पाण्याचा कॉक उघडायला आत थांबला होता. त्यामुळे टाकी फुटली नाही. त्याला बाहेर आणलं तेव्हा तो चालत होता, पण श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीट उघडली आणि निम्मे आकडे बघितले. माझेच. तेवढ्यात बाई आल्या. त्या फोल्डरची नक्कल करून, घोळची वायर नुकतीच काढून आल्या होत्या. माझ्या टेबलापाशी वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ती शीट बोंबीलवरनं सेव झालेली हाय. पाहुना म्हनून."

मी म्हणालो, "लॅबमध्ये सहा जण बसतात."

"हो ना. म्हनूनच मी कोनाचं नाव घेत नाय. ज्याचा हात लागलाय त्यानं वर जावं. आजच जावं, म्हंजे बरं."

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे आई बघते तशा. मी म्हणालो, "बघतो मी, विचारतो सगळ्यांना."

रामसजीवन बोईसरच्या हॉस्पिटलात होता. मी एकदा बघायला गेलो. वॉर्डच्या दारातून दिसलं, बाई त्याच्या खाटेशेजारी डबा उघडून बसल्या होत्या. पापलेटचं कालवण आणलं होतं आणि रामसजीवन नळी लावलेल्या नाकातून कसाबसा म्हणत होता, "दीदी, मैं मछली नहीं खाता." बाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्स दांडीशेजारी राह्यला आनि मासळी खात नाय? मग जगला कशावर रे?" दोघंही हसले आणि त्याला खोकल्याची उबळ आली. बाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. उद्या मुगाची पेज आणते म्हणाल्या. मी दारातूनच मागे वळलो.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. फॅक्टरी मॅनेजर, सुपरवायझर, बाई, मी आणि मुंबई ऑफिसचे एक साहेब. शीट कोणी बदलली ते कळू शकत नव्हतं. नोंद पाहुण्याची होती, आणि बोंबीलचं नाव बाईंनी काढलं नाही, मीही नाही. मग साहेबांनी विचारलं, पाहुण्याला लिहायची परवानगी कोणी दिली?

"मी," बाई म्हणाल्या. साहेबांसमोर त्या प्रमाण मराठी बोलायच्या.

"स्वतःच्या मनानं?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

बाईंनी पदर सारखा केला. "ज्यांनी सांगितलं ते इथेच बसले आहेत. ते बोलतील."

केबिनमधला एसी घरघरत होता. सुपरवायझरनं माझ्याकडे बघितलं, मॅनेजरनं सुपरवायझरकडे. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या, समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण बघत होत्या. न बोलायला कारणं होती माझ्याकडे. ती इथे लिहीत नाही, प्रत्येकाकडे असतात.

"बाई, कोडी घालू नका," मॅनेजर म्हणाले. "नाव सांगा."

"नाव मी नाही घेणार, साहेब. त्यांनी आपलं आपण घ्यावं."

मी घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "सर, एसी जरा कमी करता का?"

हे मी खरोखर म्हणालो. त्यानंतर बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "लिहा. परवानगी मी दिली."

त्यांनी नाव का घेतलं नाही, याचा मी वर्षानुवर्षं विचार केला. त्यांना कायम करताना मी शिफारस केली होती, त्याची जाण असेल. किंवा नाव घेतलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि ते त्यांना ऐकायचं नसेल. मला खात्री आहे की मी नाही म्हणालो असतो.

त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पाहुण्याचं खातं काढून टाकलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि तो काचेवर लिहू नका म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगितलं. निघताना प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला. बोंबीलजवळ आल्या तेव्हा मी तिथेच बसलो होतो. "जरा सरका, भाऊ," म्हणाल्या. मी सरकलो. त्यांनी हात ठेवला, काढला आणि गेल्या. पुढे बाहेरची कंपनी आली आणि मशीनना नंबर पडले. रामसजीवन बरा होऊन गावी गेला. जिना चढताना धाप लागते, असं कोणाकडून तरी कळलं.

मी पुढे सुखरूप निवृत्त झालो. हार, नारळ, भाषणं. एका भाषणात कोणीतरी म्हणालं, कदमसाहेबांच्या लॅबमधून कधी चूक झाली नाही.

बाईंनी दांडीत एक लहानसा गाळा घेऊन ऑनलाइन कामांचं दुकान काढलं होतं. बोटींचे परवाने, आधार, शाळेचे दाखले. पेन्शनरांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, अंगठा उमटवून. गेल्या वर्षी तो मी त्यांच्याकडे करायचं ठरवलं. बायको म्हणाली, "बोईसरला नाक्यावर होतो की. तिकडे एवढ्या लांब कशाला?" मी म्हणालो, समुद्रावरही जाऊन येतो.

रिक्षात बसल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. लांब काही नको, दोन वाक्यं पुरे. दुकानात गर्दी होती. बाकड्यावर बायका मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या. बाई बारीक झाल्या होत्या, केस पांढरे, गजरा मात्र होता. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"या, कदमभाऊ. बसा. घाटावरची मानसं ह्या वाटंनं कशी?"

"दाखला काढायचा होता."

"हयातीचा? द्या, आधार द्या."

माझा अंगठा मशीनवर उमटेना. लॅबमध्ये ॲसिड हाताळून रेषा गेल्या आहेत. त्यांनी ओल्या फडक्यानं माझा अंगठा पुसला, कोरडा केला आणि आपल्या बोटानं दाबून धरला. "दाबा नीट." पुन्हा नाही उमटला. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आमची डोकी जवळ आली होती. बाकड्यावरच्या बायका आपसांत बोलत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. बाई स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाल्या, "तब्येत बरी हाय ना? काय बोलायचं व्हतं का?"

मशीननं टिक केलं. "झालं," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही. सहज."

"बरं." त्यांनी दाखल्याचा कागद छापून माझ्या हातात दिला आणि हाक मारली, "चला गो, फुडं कोन हाय?" एक म्हातारी उठून माझ्या जागेवर आली. बाईंनी तिचा अंगठा हातात घेतला आणि फडकं ओलं केलं.

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. दुकान वीसेक पावलांवर होतं, दार उघडंच होतं. तामोरेबाई, तो फोन मी केला होता आणि ती शीटही मीच बदलली होती. मला माफ करा. सगळं तोंडात तयार होतं. रिक्षा येऊन थांबली.

"कुठं जायचं, काका?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बोईसर."